युवा कार्य प्रशिक्षण: पंचायत समितीतले अकरा महिने

ऑगस्ट २०२५ मध्ये माझं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण संपलं. सरकारच्या विद्यावेतनावर कार्यालयात किंवा कारखान्यात काम शिकायची ही राज्याची योजना. तेव्हापासून गावातली, नात्यातली मुलंमुली तेच चार प्रश्न विचारतात. पैसे खरंच मिळतात का? कधी मिळतात? पुढे नोकरी लागते का? आणि अभ्यास सोडून जावं का? फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं अर्धवट राहतं, म्हणून इथे पहिल्यापासून क्रमाने लिहिते. कार्यालयाचं आणि माणसांची नावं मुद्दाम घालत नाही. मराठवाड्यातल्या एका तालुक्याची पंचायत समिती, एवढं पुरे.

माझं शिक्षण बी.कॉम. पदवी कोरोनाच्या काळातली. एमएस-सीआयटी झालेलं, टायपिंगच्या मराठी ३० आणि इंग्रजी ४० या दोन्ही परीक्षा पास. त्यानंतरची वर्षं तालुक्याच्या अभ्यासिकेत गेली. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागा होत्या आणि अर्ज दहा लाखांच्या वर. खुल्या गटाला शुल्क १,००० रुपये, आरक्षित गटाला ९००. त्या परीक्षेनंतर अभ्यासिकेतली निम्मी टेबलं रिकामी झाली. कुणी पुण्याला गेलं, कुणी शेतात, मुलींची लग्नं झाली. देशाच्या श्रमबल सर्वेक्षणात २०२३-२४ साली १५ ते २९ वयोगटातला बेरोजगारीचा दर १०.२ टक्के होता, सगळ्या वयांचा मिळून ३.२. या दोन आकड्यांमधलं अंतर कशाचं आहे, हे त्या अभ्यासिकेत बसलेल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

२८ जून २०२४ च्या राज्य अर्थसंकल्पात ही योजना जाहीर झाली आणि ९ जुलैला शासन निर्णय निघाला. वर्षाला दहा लाख तरुणांना प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण, मुदत सहा महिने, विद्यावेतन बारावी पास असेल तर ६,०००, आयटीआय किंवा पदविकेला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये. वय १८ ते ३५. आषाढीच्या सुमारास बातम्यांत तिचं नाव ‘लाडका भाऊ’ पडलं आणि त्यामुळे आमच्या गावात कितीतरी मुलींनी ती आपली नाहीच असं धरलं. योजना मुली आणि मुलं दोघांसाठी होती. मी शासन निर्णयाची पीडीएफ उतरवून घेतली आणि सगळी वाचली. तुम्हीही कुठल्याही योजनेत हेच करा. भाषा जड असते, पण दोन वेळा वाचली की कळते, आणि पुढे कुणाशी बोलायचं झालं तर हातात कागद असतो.

त्यातल्या काही अटी कुणी तोंडी सांगत नाही. लाभ आयुष्यात एकदाच. त्या वेळी शिक्षण चालू असेल तर अपात्र. पहिल्याच महिन्यात सोडून गेलात तर विद्यावेतन नाही. एखाद्या महिन्यात दहा किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलात तर त्या महिन्याचं नाही. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, कामगार विमा यांचे कायदे प्रशिक्षणार्थीला लागू नाहीत. हे शेवटचं वाक्य मी घरी मोठ्याने वाचून दाखवलं. बाबा म्हणाले, “म्हणजे नोकरी नाही ही. शिकायला चाललीस असं समज.” पुढचे सगळे महिने तेच धरून चालले, आणि त्यामुळे त्रास कमी झाला.

अर्ज महास्वयंमच्या, म्हणजे राज्याच्या रोजगार नोंदणीच्या पोर्टलवर. माझी रोजगार नोंदणी कॉलेजात असतानाची होती, पण आधारला जोडलेला मोबाईल नंबर बंद पडलेला, त्यामुळे ओटीपी येईना. आधार केंद्रात ५० रुपये भरून नंबर बदलून घेतला, तो पोर्टलवर चालायला आठवडा गेला. अधिवास प्रमाणपत्र सेतूतून काढलं, त्यालाही दहा-बारा दिवस लागले, कारण त्या दिवसांत सेतूसमोर लाडकी बहीणच्या अर्जांची रांग रस्त्यापर्यंत होती. पदवी प्रमाणपत्र, गुणपत्रक, पासबुक हे घरचंच होतं. स्कॅन, झेरॉक्स, फोटो मिळून दोन-तीनशे रुपयांत काम झालं. कॅफेवाला ‘पाचशे द्या, सगळं करून देतो’ म्हणाला होता. मोबाईलवरून हा अर्ज करता यायचा, रात्री दहानंतर साईट बरी चालायची.

नोंदणी झाली की जिल्ह्यातल्या जागांची यादी दिसायची. पदवीधरांच्या जागा बहुतेक सरकारी कार्यालयांत, बँकांत, पतसंस्थांत. कारखान्यांच्या जागा जास्त करून आयटीआयवाल्यांसाठी, आणि त्या आमच्या तालुक्यात जवळजवळ नव्हत्याच. ही या योजनेची पहिली मर्यादा मला तिथेच दिसली. जिथे एमआयडीसी आहे तिथे मुलाला यंत्रावर उभं राहायला मिळतं. जिथे नाही तिथे सरकारी कचेरी हाच सगळ्यात मोठा मालक, आणि कचेरीत भरती तर स्पर्धा परीक्षेनेच होणार. म्हणजे जिथे शिकायचं तिथे पुढे नोकरी नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं.

ऑगस्टभर काही हालचाल नव्हती. गौरी-गणपतीच्या दिवसांत फोन आला, कागदपत्रं घेऊन या. मुलाखत झाली नाही. मूळ कागद बघितले, साध्या कागदावर हमीपत्र लिहून घेतलं, की हे प्रशिक्षण आहे आणि यावरून कायम नोकरीचा हक्क मी सांगणार नाही. दोन दिवसांनी रुजू करून घेतल्याचं पत्र मिळालं. त्या पत्राची झेरॉक्स, त्यावर जावक क्रमांक आणि तारीख नीट दिसेल अशी, ताबडतोब काढून ठेवा. पुढे मुदतीची मोजणी याच तारखेवरून झाली आणि एकदोघांची तारीख पोर्टलवर वेगळी पडली होती. ज्यांच्याकडे पत्र होतं त्यांची दुरुस्त झाली.

कार्यालयाची वेळ पावणेदहा ते सव्वासहा, शनिवार-रविवार सुट्टी. गाव वीस-बावीस किलोमीटरवर. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यामुळे माझे रोजचे चाळीसेक रुपये जायचे, जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर थोडे जास्त. माझ्याबरोबर रुजू झालेल्या मुलांना याच्या दुप्पट. सकाळची गाडी चुकली की वडापची जीप, आणि तिथे सवलत नाही. दहा हजारांचा हिशोब करताना हे आधी धरा.

पहिले पंधरा दिवस कठीण गेले. आम्हाला बसायला जागा नव्हती. कार्यालयाची तरी काय चूक, मंजूर पदांच्या पाच टक्के प्रशिक्षणार्थी घ्या असं वरून आलं, पण त्यांना टेबल, संगणक, लॉगिन कुठून द्यायचं याचं कुणी काही सांगितलं नव्हतं. आम्ही भिंतीला लागून ठेवलेल्या बाकावर बसायचो. कुणी झेरॉक्स काढायला पाठवायचं, कुणी टपाल द्यायला. एका मुलाने तिसऱ्या दिवशीच येणं बंद केलं. एम.ए. झालेला होता, त्याला पाण्याचे ग्लास भरायला सांगितले गेले. त्याला मी दोष देणार नाही.

मला काम मिळालं ते आवक-जावक नोंदीच्या टेबलावर. तिथल्या कर्मचारी ताई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि मला मराठी टायपिंग येतं हे कुणाच्या तरी लक्षात आलं. टपाल कसं फुटतं, कुठला कागद कुठल्या विभागाला जातो, स्मरणपत्र आणि मूळ पत्र एकमेकांना कसे जोडायचे, हे महिनाभरात हाताला बसलं. मग घरकुल विभागातल्या एका वरिष्ठांनी मला त्यांच्याकडे मागून घेतलं. त्यांना सगळे काका म्हणायचे, मीही म्हणू लागले.

काकांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. ते स्वतः पदवीधर अंशकालीन कर्मचारी होते. आजच्या मुलांना हा शब्द फक्त भरतीच्या जाहिरातीत, समांतर आरक्षणाच्या (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच ठेवलेल्या राखीव जागांच्या) रकान्यात दिसतो. जुन्या काळी सरकारने सुशिक्षित बेरोजगारांना कचेऱ्यांत तुटपुंज्या मानधनावर कामाला घेतलं होतं. काकांनी तशी तीन वर्षं तहसीलमध्ये काढली, मग घरी बसले. ट्यूशन घेतल्या, किराणा दुकान टाकलं, बंद केलं. पुढे अंशकालीन पदवीधरांना भरतीत दहा टक्के समांतर आरक्षण आणि ५५ वर्षांपर्यंत वयाची सवलत मिळाली, तेव्हा चाळिशी उलटल्यावर त्यांना नोकरी लागली. ते म्हणायचे, “आम्हाला तीन वर्षांत कुणी एक टिपणी लिहायला शिकवली नाही. नुसतं बसवून ठेवलं. तू माझ्याकडे आलीस तर शिकून जाशील.”

आणि त्यांनी खरोखर शिकवलं. टिपणी म्हणजे साहेबांपुढे विषय मांडायचा कागद. विषय काय, आधी काय झालं, नियम काय म्हणतो, आता काय निर्णय हवा, एवढं एका पानात यायला पाहिजे. माझ्या पहिल्या टिपण्या त्यांनी लाल पेनाने भरून परत दिल्या. कार्यविवरण नोंदवही, म्हणजे आलेल्या कागदाचं पुढे काय केलं याची वही, कशी ठेवायची, फाईलीला पानांचे क्रमांक का घालायचे, ‘सहपत्र वरीलप्रमाणे’ लिहून सहपत्र न जोडलेलं पत्र किती दिवस वाया घालवतं, हे सगळं. माझ्या बरोबरीच्या मुलीला आस्थापना विभाग मिळाला. तिथे तिला अकरा महिन्यांत फक्त झेरॉक्स आणि स्कॅनिंग दिलं. तीच योजना, तीच इमारत, तेच दहा हजार. योजनेचा उपयोग होतो का, असं कुणी विचारलं की मला आधी आम्ही दोघी आठवतो.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. निम्मं कार्यालय निवडणुकीच्या कामाला गेलं. तोवर विद्यावेतनाचा पत्ता नव्हता. हजेरी दर महिन्याला कार्यालयाने पोर्टलवर भरायची, तिथून ती मंजूर होऊन पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात. आमच्याकडे ती भरायची जबाबदारी नेमकी कुणाची हेच पहिले दोन महिने ठरलं नव्हतं. दिवाळी तशीच गेली. घरातून रोज चाळीस रुपये मागताना फार अवघड वाटायचं. पंचवीस ओलांडलेली, पदवी घेतलेली मुलगी कामाला जाते आणि एसटीचे पैसे आईकडून घेते. माझ्या आईने एकदाही काही विचारलं नाही. ज्यांच्या घरी एवढंही शक्य नव्हतं ती मुलं याच टप्प्यावर गळाली, आणि खरी गरज त्यांनाच होती. दहा लाखांचं उद्दिष्ट ठेवणाऱ्या योजनेने पहिला हप्ता तरी महिन्याच्या आत द्यायलाच हवा. बाकी सगळं मागे-पुढे झालं तर चालेल, हे नाही चालत.

पहिलं विद्यावेतन डिसेंबरात जमा झालं. त्या आधी मी कौशल्य विकासच्या जिल्हा कार्यालयात चकरा मारल्या होत्या. तिथून कळलेली गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. खात्याला आधार ‘लिंक’ असणं वेगळं आणि ‘सीडिंग’, म्हणजे सरकारी पैसे घेण्यासाठी तेच एक खातं आधारला जोडलेलं असणं वेगळं. सरकारी पैसा तुम्ही अर्जात लिहिलेल्या खात्यात जाईलच असं नाही, तो जातो आधारशी सीडिंग झालेल्या खात्यात. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघता येतं, तिथे कुठली बँक दिसते ते रुजू व्हायच्या आधी तपासा. आमच्यातल्या एका मुलाचे दोन महिन्यांचे पैसे सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेल्या खात्यात जाऊन पडले होते. त्याला ते खातं आहे हेच माहीत नव्हतं. तो दोन महिने कार्यालयाशी भांडत राहिला आणि पैसे त्याच्याच नावावर होते.

दुसरं, दर महिन्याच्या अखेरीस हजेरीपटाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आपल्या सहीचा आणि अधिकाऱ्याच्या सहीचा. जानेवारीत माझी हजेरी पोर्टलवर कमी दिसत होती. फोटो दाखवला, तेवढ्यावर दुरुस्त झाली.

जानेवारी २०२५ पासून घरकुल विभागात श्वास घ्यायला वेळ उरला नाही. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण टप्प्यात राज्याला जवळपास वीस लाख घरांचं उद्दिष्ट आलं होतं. प्रत्येक लाभार्थ्याची नोंदणी, आधार, पासबुक, जागेचा नमुना ८ चा (ग्रामपंचायतीच्या मिळकत नोंदीचा) उतारा, जागेवर जाऊन जिओ टॅगिंग (ठिकाणाच्या नोंदीसह फोटो), मग मंजुरी, मग पहिला १५,००० चा हप्ता. २२ फेब्रुवारीला पुण्यात वीस लाख लाभार्थ्यांच्या मंजुरीपत्रांचा मोठा कार्यक्रम झाला. टीव्हीवर तो दिसला असेल. त्याच्या आधीचे तीन आठवडे राज्यातल्या पंचायत समित्यांत काय चाललं होतं ते मी आतून बघितलं. आमच्याकडे कायम कर्मचारी मोजके आणि गावं शंभराच्या आसपास. आम्ही प्रशिक्षणार्थी नसतो तर ते काम त्या मुदतीत कसं झालं असतं, मला कळत नाही. शनिवार-रविवारही आलो. कुणी सक्ती केली नव्हती, पण दारात बसलेली माणसं बघून घरी जाववत नव्हतं.

एक आजी पळसाच्या पानासारखी वाळलेली, तीन वेळा आली. यादीत नाव, पण राहती जागा गावठाणाबाहेर, उतारा निघेना. काकांनी मला जागा खरेदी अर्थसहाय्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना वाचायला लावली आणि त्या आजीचा प्रस्ताव माझ्याकडून तयार करून घेतला. प्रस्ताव जिल्ह्याला गेला त्या दिवशी त्यांनी माझी टिपणी एकही शब्द न बदलता सही करून पुढे पाठवली. सरकारी योजना दारापर्यंत कशी पोचते आणि कुठे अडते, हे अभ्यासिकेत तीन वर्षं राज्यव्यवस्थेची पुस्तकं वाचून मला कळलं नव्हतं.

मार्चच्या मध्याला आमचे सहा महिने भरत आले. त्या आधीच आंदोलनं सुरू झाली होती. मुदत वाढवा, कायम करा, मानधन वाढवा. आमच्या आधी रुजू झालेल्यांचे सहा महिने संपले आणि ते घरी गेलेही. मग मुदत अकरा महिने झाली, त्यांना परत बोलावलं गेलं. मधल्या खंडाचं काहींना हजर दाखवलं, काहींना नाही. असल्या वेळी तोंडी ‘येत राहा’ यावर विसंबू नका. मुदतवाढीचं लेखी पत्र मागा, ते मिळेपर्यंत हजेरीपटावर सही चालू ठेवा.

कायम करण्याच्या मागणीबद्दल माझं मत सरळ सांगते. ती मागणी करणाऱ्यांमागची ओढ मला कळते, मी त्यांच्याबरोबर निवेदन द्यायलाही गेले. अकरा महिने तुम्ही राज्याचं काम केलंत, तुमच्याशिवाय ते झालं नसतं, आणि मग एका दिवशी उद्यापासून येऊ नका. त्याचा त्रास होतो. पण ज्याची निवड कुठल्याही परीक्षेशिवाय, कुणी आधी अर्ज भरला यावर झाली, त्याला थेट कायम केलं तर अभ्यासिकेत बसलेल्या बाकीच्यांवर तो अन्याय आहे. मला वाटतं, अंशकालीन पदवीधरांना दिलं तसं काही गुण किंवा काही टक्के जागा, आणि त्यासाठी एक साधी कामावर आधारित परीक्षा, एवढं रास्त आहे. टिपणी लिहायला द्या, पोर्टलवर नोंद करायला द्या. ज्याला येईल तो पुढे जाईल. आणि तेव्हा कार्यालयांनाही प्रशिक्षणार्थ्याला खरोखर काम शिकवावं लागेल.

माझा चुलतभाऊ याच योजनेतून संभाजीनगरजवळच्या वाळूजच्या एमआयडीसीत गेला. आयटीआय फिटर, विद्यावेतन ८,०००. बजाजनगरला चौघांत खोली, त्याच्या वाट्याचे दीड हजार, मेसचे पावणेतीन हजार, येणं-जाणं, मोबाईल. हातात तीनेक हजार उरायचे. त्याला सुरुवातीला हेल्पर म्हणून माल उचलायला लावलं. पण त्याच्या शिफ्टचा ऑपरेटर शिकवणारा निघाला, आणि तो सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचं सेटिंग शिकला. मुदत संपल्यावर त्याला तिथेच ठेकेदारामार्फत घेतलं, कंपनीच्या रोलवर नाही. पगार विद्यावेतनाच्या दीडपटीहून थोडा जास्त, पीएफ कापला जातो. त्याच्याबरोबरच्या ज्यांना शेवटपर्यंत पॅकिंगला ठेवलं, ते परत आले आणि कंपनीने त्यांच्या जागी नवे प्रशिक्षणार्थी मागवले. सरकार विद्यावेतन देणार असेल तर कंपनीला हात फुकट मिळतात. किती जणांना नंतर कामावर घेतलं यावर पुढच्या वर्षीच्या जागा ठरल्या, तर हा प्रकार थांबेल.

ऑगस्टमध्ये आमचा शेवटचा दिवस झाला. गटविकास अधिकाऱ्यांनी चहा दिला, दोन शब्द बोलले. काकांनी मला त्यांचा लाल पेन दिला नाही की काही नाही, फक्त म्हणाले, “प्रमाणपत्र घेतल्याशिवाय हलू नकोस.” ते पोर्टलवरून निघायचं होतं, त्याला वेळ लागला. मी त्याशिवाय कार्यालयाच्या पत्रावर वेगळा अनुभव दाखला मागितला, त्यात ‘प्रशिक्षण पूर्ण केले’ एवढंच न लिहिता काय काय काम केलं ते लिहून घेतलं: टपाल नोंदणी, घरकुल पोर्टलवरील नोंदी, टिपणी लेखन, मराठी टंकलेखन. मसुदा मीच करून नेला. साहेबांनी वाचला आणि सही केली. असा मसुदा तुम्हीही तयार ठेवा, त्यांना तो लिहायला वेळ नसतो, पण सही करायला ते नाही म्हणत नाहीत.

आमच्या कार्यालयात रुजू झालेल्यांपैकी एक पोलीस भरतीची तयारी करतोय, एकीचं लग्न झालं आणि ती आता पुण्यात एका कॉल सेंटरला आहे, एकाने ग्राहक सेवा केंद्र टाकलंय आणि पंचायत समितीच्या ओळखींचा त्याला फार उपयोग होतो. दोघं परत अभ्यासिकेत. झेरॉक्सवाली माझी मैत्रीण घरी आहे. यातलं काहीही सरकारच्या कुठल्या नोंदीत नसेल, कारण संपल्यानंतर आम्हाला एकही फोन आला नाही की आता काय करताय. किती जण रुजू झाले याचे आकडे बातम्यांत आले. सहा महिन्यांनी त्यातले किती कामावर आहेत, हा प्रश्न विचारायला एक कॉल पुरतो. सगळ्यांचे मोबाईल नंबर, आधार, खाती सरकारकडे आहेतच.

मी ऑक्टोबरपासून शेजारच्या तालुक्यात एका शेतकरी उत्पादक कंपनीत आहे. हिशोब, सभासदांची नोंद, अनुदानाचे प्रस्ताव असं काम, पगार १३,०००. मुलाखतीत त्यांनी पदवीबद्दल काही विचारलं नाही. दाखला वाचला आणि विचारलं, “प्रस्ताव लिहिता येतो का?” मी त्याच टेबलावर एक नमुना लिहून दिला. सरकारी भरतीचे अर्ज चालू आहेत, रात्री अभ्यास होतो, पण पूर्वीसारखा दिवसभर नाही.

आता त्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली असेल तर अशा प्रशिक्षणात अडकू नका. लाभ एकदाच आहे, तो त्या काळात खर्ची पडेल. अभ्यासाची तीन-चार वर्षं झाली असतील आणि हाताला कुठलंच काम नसेल, तर जागा दिसताच जा. रुजू होण्याआधी त्या कार्यालयात किंवा कारखान्यात आधीच्या वर्षी गेलेल्या कुणाला तरी शोधून विचारा, की तिथे शिकवणारं माणूस कोण आहे आणि ते कुठल्या विभागात बसतं. पहिल्याच आठवड्यात तो विभाग मागून घ्या, तोंडी नाही, एका ओळीच्या अर्जावर, आणि त्या अर्जाची पोच घ्या. पहिले तीन महिने पुरतील एवढे प्रवासाचे पैसे बाजूला ठेवूनच निघा. आणि प्रमाणपत्रावरचं नाव दहावीच्या सनदेवरच्या नावाशी अक्षरानअक्षर जुळतंय का ते कार्यालय सोडण्याआधी बघा. नंतर दुरुस्ती करायची तर रोजगार नोंदणीपासून सगळं पुन्हा करावं लागतं.